वादळानंतर आठ-दहा दिवस लाईट नसली तरी घरची वेबसाईट चालू कशी ठेवायची

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याने आत शिरलं तेव्हा मी दापोली तालुक्यात आमच्या गावच्या घरी होते. लाईट सकाळीच गेली होती, ती आमच्या वाडीत आली तेविसाव्या दिवशी. खांब वाकलेले, तारा सुपारीच्या बागांमध्ये पडलेल्या, डीपी आडवा, रस्त्यावर माड. तेव्हा माझी वेबसाईट एका जुन्या लॅपटॉपवर चालायची, माजघरातल्या कपाटात ठेवलेला होता तो. साईटवर आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग, वाडीतल्या झाडांचे फोटो, भरती-ओहोटीच्या वेळा, एवढंच. पहिल्याच रात्री इन्व्हर्टर बसला आणि साईट गेली ती गेलीच. नंतर महिन्याभराने कळलं की मुंबईतले आमचे चाकरमानी रोज साईट उघडून बघत होते, कारण गावात कोणाचाच फोन लागत नव्हता आणि गावाकडून काहीतरी कळेल अशी ती एकच जागा त्यांना माहीत होती. हे मला फार लागलं.

पुढच्या वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं, आमच्याकडे सहा दिवस लाईट नव्हती, पण साईट चालू राहिली. मधल्या अकरा महिन्यांत जे काय शिकले आणि नंतर जे बदलत गेले ते सगळं इथे लिहितेय. मी इंजिनिअर नाही, पण मल्टिमीटर वापरता येतो आणि ह्यातली प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने केलेली आहे.

सगळ्यात आधी एक समजून घ्या की छोट्या वेबसाईटला वीज अगदी थोडी लागते. वीज खातात ते आजूबाजूचे डबे. सॉकेटमध्ये लावायचा वॅट मीटर मिळतो, तो आणा आणि एकेक वस्तू मोजा, अंदाजाने काही धरू नका. माझ्याकडचे आकडे असे निघाले: जुना लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून १३-१४ वॅट, रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे मी त्याला नुसतं ‘पाय’ म्हणतेय) नुसता बसलेला असताना साधारण साडेतीन वॅट, आणि फायबरचा राऊटर वायफायसकट ८ वॅट. म्हणजे पायपेक्षा राऊटर दुपटीने जास्त खातोय! डेस्कटॉप असेल तर तो ५०-६० वॅटच्या खाली सहसा येत नाही, त्यामुळे लांबच्या अंधारासाठी डेस्कटॉपचा विचारच सोडून द्या. नुसती पानं आणि थोडे फोटो असतील तर त्याहून लहान पाय झिरो २ सुद्धा पुरतो, तो आणखी कमी घेतो. माझ्याकडे ऑडिओ आहे आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावलेली आहे म्हणून मी पाय ४ वरच थांबले.

आता हिशोब. पाय आणि राऊटर मिळून साडेअकरा वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण १ अँपिअर. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरला १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी असते, ती अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही असं धरलं (लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं) तर ७५ अँपिअर-अवर हातात राहतात. १ अँपिअरने ७५ तास. तीन दिवस! मग पहिल्या वादळात एका रात्रीत सगळं का बसलं? एक म्हणजे पंखे आणि दिवे त्याच बॅटरीवर होते, पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. इन्व्हर्टर स्वतःच वीज खातो. काहीही जोडलेलं नसताना नुसता चालू ठेवला तरी माझा इन्व्हर्टर २० वॅटच्या आसपास घेतो, कारण त्याला १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करत राहायचं असतं, आणि मग आपण काय करतो तर त्या २३० चे अ‍ॅडाप्टर लावून परत १२ आणि ५ व्होल्ट करतो. जाता-येता दोन्हीकडे गळती. सगळं धरून ३३ वॅटच्या वर जातं, म्हणजे ७५ तासांचे २७ तास होतात, तेही पंखा न लावता.

म्हणून पहिलं काम, आणि माझ्या मते ह्या सगळ्यातलं सगळ्यात मोठं काम, म्हणजे साईटची यंत्रं बॅटरीवरून थेट डीसीवर, म्हणजे बॅटरीतून निघते त्याच विजेवर, मधे २३० व्होल्ट न करता चालवणं. लाईट गेली आणि रात्र नसेल तर मी इन्व्हर्टर पुढच्या बटणाने चक्क बंद करते, घरातल्यांना आधी सांगून. साईट चालूच राहते कारण ती इन्व्हर्टरमधून जातच नाही.

कसं करायचं ते नीट सांगते कारण इथे चूक झाली तर आग लागू शकते. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरून वेगळी वायर काढायची आणि टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज लावायचा, गाडीत असतो तो ब्लेड फ्यूज त्याच्या होल्डरसकट ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतो, ५ अँपिअरचा पुरे. फ्यूज टोकाला, यंत्राजवळ लावून उपयोग नाही, मधे कुठे वायर उंदराने कुरतडली आणि शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. काम करताना हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, पाना दोन्ही टर्मिनलवर एकदम टेकणार नाही ह्याची काळजी घ्या, आणि बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून ती बंद कपाटात ठेवायची नाही, खिडकीजवळ ठेवायची. कोणाला ह्याची सवय नसेल तर वाडीतल्या वायरमनला किंवा गाडीचं वायरिंग करणाऱ्या मुलाला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

त्या वायरवर दोन कन्व्हर्टर लावायचे. एक १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर पायसाठी, किमान ३ अँपिअर देणारा. दुसरा राऊटरसाठी. राऊटर १२ व्होल्टचाच असतो ना, मग सरळ बॅटरीला का नाही जोडायचा असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. कारण बॅटरी कधीच नेमकी १२ वर नसते, चार्ज होताना ती १४.४ पर्यंत चढते आणि उतरताना १२ च्या खाली येते, काही राऊटर हे सहन करतात पण काही जळतात आणि वादळाच्या मधोमध नवीन राऊटर कुठून आणणार. आत काहीही व्होल्टेज येवो, बाहेर १२ च देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर घ्या. पिन लावायच्या आधी मल्टिमीटरने आतलं प्लस का बाहेरचं प्लस ते तपासा, राऊटरच्या खाली छोटं चित्र असतं तेही बघा.

अजून एक गोष्ट जी मला दोन आठवडे छळत होती: पाय मधेच रिस्टार्ट व्हायचा. बॅटरी ठणठणीत, कन्व्हर्टर नवीन. शेवटी कळलं की मी बक कन्व्हर्टर बॅटरीजवळ लावलाय आणि तिथून ५ व्होल्ट बारीक वायरने चार मीटर नेलेत, वाटेत व्होल्टेज पडून पायपर्यंत साडेचारच पोचतायत. पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की अंडरव्होल्टेजची नोंद करतो, लॉगमध्ये ती दिसत होती पण मी बघितली नव्हती. उपाय सोपा, १२ व्होल्टची वायर पायपर्यंत न्यायची आणि ५ व्होल्ट अगदी शेवटी, वीतभर अंतरावर करायचे.

बॅटरी किती उरलीय हे व्होल्टेजवरून ओळखता येतं, लेड-अ‍ॅसिडसाठी तरी. भार नसताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे अर्धी. आपला भार एवढा कमी असतो की चालू असतानाही हे आकडे साधारण लागू पडतात. मी पायला आयएनए२१९ नावाचा छोटा सेन्सर लावलाय, तो बॅटरीचं व्होल्टेज वाचतो आणि एक छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी बघते: १२.१ च्या खाली गेलं की ऑडिओ बंद, फक्त पानं चालू, ११.९ च्या खाली सलग तीन वेळा आलं की पाय व्यवस्थित शटडाऊन. सलग तीन वेळा अशासाठी की कधीकधी एखादंच वाचन चुकीचं येतं आणि त्यावरून मशीन बंद व्हायला नको. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर हा व्होल्टेजचा हिशोब चालत नाही, ती जवळपास शेवटपर्यंत एकाच व्होल्टेजवर राहते आणि मग एकदम पडते, तिथे किती अँपिअर-अवर गेले ते मोजणारा मीटर लागतो. पण ती बॅटरी ८०-९० टक्के वापरता येते आणि वजनाला हलकी, नवीन घेणार असाल तर तीच घ्या असं मी सांगेन. माझ्याकडे आहे ती ट्यूब्युलर अजून चालतेय म्हणून मी बदललेली नाही.

राऊटरसाठी मिनी यूपीएस मिळतात ते तीन-चार तासांच्या भारनियमनासाठी चांगले आहेत. लांबच्या अंधारात त्यांचा उपयोग नाही.

सोलरचं सांगते. माझ्याकडे १०० वॅटचं एक पॅनल आहे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात त्यातून दिवसाला ३० अँपिअर-अवरच्या आसपास बॅटरीत जातात, आपला खर्च आहे दिवसाला २५, म्हणजे उन्हाळ्यात साईट कायमची फुकट चालू शकते. पण वादळं येतात मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि जूनच्या भरून आलेल्या दिवशी तेच पॅनल मला ५-६ अँपिअर-अवर देतं, जेमतेम. पॅनल विकणारे हे सांगत नाहीत, ते पुण्याच्या उन्हाचे आकडे सांगतात. त्यामुळे पावसाळ्याचं गणित वेगळं धरा: खर्च २५, मिळकत ६, रोज १९ ची तूट, ७५ मधून चार दिवस निघतात. रात्री अकरा ते पहाटे पाच सगळं बंद ठेवलं तर खर्च १९ वर येतो, तूट १३ ची, आणि तेच ७५ जवळजवळ सहा दिवस पुरतात. तौक्तेत मी हेच केलं, आणि वादळ मे महिन्यातलं असल्यामुळे ते पुढे सरकल्यावर ऊनही पडलं, सहाव्या दिवशी लाईट आली तेव्हा बॅटरी अर्ध्याच्या वरच होती.

रात्री बंद-चालू करायला १२ व्होल्टचा डिजिटल टायमर स्विच मिळतो. पायला पावणेअकराला स्वतःहून शटडाऊन व्हायला सांगून ठेवायचं, टायमर अकराला वीज तोडतो, पहाटे पाचला वीज आली की पाय आपोआप उठतो. टायमर आणि पायचं घड्याळ जुळतंय ना हे महिन्यातून एकदा बघा.

पॅनल आणि बॅटरीच्या मधे चार्जिंग आवरणारा डबा लागतो, चार्ज कंट्रोलर, तो एमपीपीटी प्रकारचा घ्या, ढगाळ हवेत दुसऱ्या, पीडब्ल्यूएम प्रकारापेक्षा थोडं जास्त काढतो, आणि जोडताना आधी बॅटरी जोडायची मग पॅनल, काढताना उलट. पॅनल बसवताना पंख्याच्या आकाराचे नट लावा, हाताने सुटतात असे, कारण वादळाच्या आदल्या दिवशी पॅनल छपरावरून काढून घरात आणायचंय. निसर्गमध्ये लोकांचे पत्रे पार दुसऱ्याच्या बागेत जाऊन पडले होते, पॅनल काय टिकणार. समुद्र जवळ असेल तर सगळ्या टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावा, खाऱ्या हवेत सहा महिन्यात हिरवं-पांढरं साचतं आणि मग जोड तापायला लागतो.

बार्सिलोनात लो-टेक मॅगझिन नावाच्या इंटरनेटवरच्या मासिकवाल्यांनी २०१८ मध्ये आपली साईट ५० वॅटच्या पॅनलवर चालवायला घेतली, बॅटरी किती भरलीय ते पानाच्या रंगावरूनच वाचणाऱ्याला दिसतं, आणि ढगाळ दिवस लांबले तर साईट बंद पडते, ते त्यांनी मान्य केलेलं आहे. त्यांच्याकडून मी फोटो लहान करायचं शिकले. पण बंद पडलेलं चालेल हे मला मान्य नव्हतं, कारण आमच्याकडे साईटची गरज नेमकी वाईट हवेतच असते.

आता इंटरनेट. खरं सांगायचं तर विजेचा प्रश्न तुम्ही घरात सोडवू शकता, पण लाईन पुढे कुठे तुटते ते तुमच्या हातात नसतं, आणि माझ्या अनुभवात साईट बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून वादळाची वाट न बघता आत्ताच तुमच्या केबलवाल्या दादाला जाऊन भेटा आणि विचारा की आपल्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत (म्हणजे कंपनीच्या मुख्य केंद्रापर्यंत) वाटेत वीज लागणारे डबे किती आहेत. फायबर जर सरळ एक्स्चेंजपासून घरापर्यंत स्प्लिटरमधून आलेली असेल तर मधे कुठेही वीज लागत नाही, स्प्लिटर म्हणजे काचेचा खेळ आहे, तिथे फक्त प्रकाश वाटला जातो. एक्स्चेंजला जनरेटर असतो. अशी लाईन असेल तर खांब पडला नाही आणि तार तुटली नाही तर गावभर अंधार असतानाही इंटरनेट चालू राहू शकतं. पण खूप ठिकाणी केबलवाला कुणाच्या तरी दुकानात किंवा खांबावर नेटवर्कचा स्विच, म्हणजे एका लाईनीच्या अनेक लाईनी करणारा विजेवरचा डबा बसवतो आणि तिथून पुढे घराघरात देतो. तो स्विच कोणाच्या तरी घरच्या लाईटवर असतो. आमचा तसाच होता, खालच्या आळीतल्या एका काकांच्या ओटीवर. मी आणि अजून चार घरांनी मिळून त्या स्विचला एक जुनी पण चालू ४० अँपिअर-अवरची बॅटरी आणि चार्जर लावून दिला, काकांना म्हटलं पाणी आम्ही घालू, तुम्ही फक्त जागा द्या. काका म्हणाले, "माझा नातू पुण्याला असतो, मलाच त्याच्याशी बोलायचं असतं, लावा." तौक्तेमध्ये आमची लाईन चार दिवस त्या बॅटरीवर चालली, पाचव्या दिवशी ती संपली तेव्हा मी घरची स्कूटर चालू ठेवून चार्ज करायचा प्रयत्न केला, त्याने काही होत नाही, करू नका. शेजारच्यांची जीप आणून जंपर वायरने दोन तास चार्ज केली ते मात्र चाललं.

दुसरा रस्ता मोबाईलचा. टॉवरला बॅटरी असते ती काही तास पुरते, मग डिझेल, आणि रस्त्यात झाडं पडलेली असली की डिझेल पोचत नाही. त्यामुळे वाडीतला टॉवर गेला तरी लांबचा एखादा चालू असू शकतो, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. मोठ्या आपत्तीत सरकार एका कंपनीच्या सिमला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालायची मुभा देतं, २०२३ मध्ये बिपरजॉय वादळात गुजरातमध्ये दिली होती; अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून बघायचं, आपोआप होईल म्हणून बसू नका. फोनचं इंटरनेट पायला द्यायचं तर वायफाय हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबलने द्या, फोन कमी तापतो आणि राऊटर पूर्ण बंद ठेवता येतो, म्हणजे ८ वॅट वाचले. त्या ८ वॅटनी साईटचे दिवस दुप्पट होतात.

पण फोनच्या इंटरनेटवर बाहेरून कोणी तुमच्या घरच्या मशीनपर्यंत येऊ शकत नाही, कारण कंपनी हजारो लोकांना एकच पत्ता वाटून देते. बऱ्याच फायबर लाईनींवरही हल्ली तसंच असतं. ह्याला उपाय टनेल. घरचं मशीन स्वतःहून बाहेर एका कायम चालू असलेल्या ठिकाणी जोडणी करतं आणि वाचणारे त्या ठिकाणाहून आत येतात. क्लाउडफ्लेअर कंपनीचं टनेल आहे ते फुकट आहे आणि बसवायला सोपं, किंवा स्वतःचा छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन वायरगार्ड नावाच्या प्रोग्रामने जोडता येतं, मी दुसरं करते. वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवत राहायची सेटिंग आहे ती चालू ठेवायची नाहीतर मधला रस्ता बंद होतो. टनेलचा मोठा फायदा हा की फायबर गेली, फोन लावला, फोन काढून परत फायबर आली, बाहेरच्या माणसाला काही फरक पडत नाही, साईटचा पत्ता तोच राहतो.

इथे एक खाच आहे जिच्यात मी पूर्ण एक दिवस घालवला. रास्पबेरी पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ थांबते, परत चालू झाला की तो मागची वेळ धरून बसतो आणि इंटरनेटवरून बरोबर वेळ मिळेपर्यंत तसाच राहतो. वायरगार्ड मागच्या जोडणीपेक्षा जुनी वेळ दिसली की जोडणी नाकारतो, सुरक्षिततेसाठी. त्यामुळे सगळं चालू, इंटरनेट चालू, आणि टनेल मात्र जुळत नाही. डीएस३२३१ नावाचं बटणाच्या सेलवर चालणारं घड्याळ मिळतं, चार पिना जोडायच्या, झालं. आणि वेळ विचारायचा रस्ता टनेलमधून नाही तर टनेलच्या बाहेरून ठेवा.

मेमरी कार्डचंही तसंच. एकाएकी वीज गेली की कार्ड खराब होतं, पहिल्यांदा नाही झालं तर दहाव्यांदा होतं. पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाईल सिस्टीम नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की कार्डावर काही लिहिलंच जात नाही, सगळं मेमरीत राहतं आणि बंद झालं की पुसतं. माझी साईट साधी पानांची आहे, डेटाबेस नाही, त्यामुळे हे चाललं. तुमच्याकडे वर्डप्रेस असेल तर जरा अवघड आहे, अशा वेळी साईटची स्थिर पानं काढून देणारे प्लगइन आहेत ते वापरा. आणि तयार करून ठेवलेलं, तपासलेलं दुसरं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत तांदळाच्या डब्यापासून लांब, कोरड्या जागी ठेवा. तपासलेलं म्हणजे खरोखर घालून साईट चालू करून बघितलेलं.

एवढं सगळं करूनही घर बुडालं, छप्पर उडालं, फायबर तुटली तर काय? म्हणून साईटची एक प्रत दुसरीकडे हवीच. ह्यावर मला बऱ्याच जणांनी विचारलं, मग घरी ठेवतेसच कशाला, सगळं तिकडेच ठेव. मला आजीचा आवाज आमच्या घरातूनच जायला हवाय, तिच्या जात्याच्या खोलीतून, ते मी सोडणार नाही. आणि ४० जीबी ऑडिओ फुकटच्या जागी मावतही नाही, गिटहब पेजेस म्हणून साईट फुकट ठेवायची सोय आहे, तिथे साईटची मर्यादा १ जीबी आहे. मग मी असं केलं: सगळी लिखित पानं, लहान केलेले फोटो आणि प्रत्येक ओवीचे शब्द बाहेरच्या फुकट होस्टिंगवर, मूळ पत्ता तिकडेच दाखवतो. ऑडिओ फक्त घरून, वेगळ्या उपपत्त्यावर. घर बंद पडलं तर पान उघडतं, शब्द वाचता येतात, आणि वाजवायच्या बटणाच्या जागी "गावात लाईट नाही, आवाज नंतर ऐका" असं दिसतं. पहिल्यांदा हे चाललं तेव्हा ठाण्याहून एका आजींचा फोन आला, ताई, ओवी वाजली नाही पण शब्द होते, मीच म्हटली.

मूळ पत्ता घरच्याच मशीनवर ठेवायचा असेल तर डीएनएसमधला (साईटचं नाव कुठल्या मशीनकडे जातं ते सांगणाऱ्या यादीतला) टीटीएल, म्हणजे एकदा मिळालेला पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, आधीपासून ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे वेळ आली की पाच-दहा मिनिटांत पत्ता प्रतीकडे वळवता येतो. तो एक दिवसाचा असेल आणि तुम्ही वादळाच्या दिवशी बदललात तर लोकांना जुनाच पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत दिसत राहील.

आणि तो बदल तुम्ही कुठून करणार? निसर्गनंतर आमच्याकडे रेंज फक्त वरच्या सड्यावर मिळायची, लोक दोन किलोमीटर चढून जाऊन "आम्ही बरे आहोत" एवढं सांगून खाली यायचे. तिथे उभं राहून फोनवरून साईटवर चार ओळी टाकता आल्या पाहिजेत अशी तयारी हवी. फोनमध्ये गिटचं, म्हणजे साईटच्या फाईली बदलून वर पाठवणारं अ‍ॅप, साईटची फाईल आधीच उतरवलेली, आणि लॉगिन झालेलं. लॉगिनला एसएमएसने ओटीपी येत असेल तर तो येणार नाही हे धरून चाला, त्याऐवजी फोनमध्येच कोड बनवणारं अ‍ॅप लावा, त्याला नेटवर्क लागत नाही, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून रेशनकार्डाबरोबर ठेवा. डोमेनची मुदतही त्याच काळात संपू शकते आणि पैसे भरायला परत ओटीपी, म्हणून मी डोमेन पाच वर्षांचं एकदम भरलंय. घरच्या मशीनवर साईटचं स्वतःचं सर्टिफिकेट (जोडणी सुरक्षित आहे हे ब्राउझरला दाखवणारं) असेल तर ते बहुतेक ९० दिवसांचं असतं, वादळाच्या हंगामाआधी एकदा नवीन करून घ्या.

पानं हलकी ठेवा हे सगळेच सांगतात पण फोनच्या डेटावर त्याचा अर्थ कळतो. माझ्या मुख्य पानाला ४० केबी लागतात, पाचशे लोकांनी उघडलं तर २० एमबी. तेच २ एमबीचा एक फोटो टाकला तर पाचशे लोकांत १ जीबी गेला, दिवसाचा पॅक संपत आला. त्या दिवसांत पानावर काय हवं असतं ते लिहा: तारीख आणि वेळ सगळ्यात वर, मग कुठला रस्ता उघडा आहे, एसटी कुठपर्यंत येतेय, कुठल्या वाडीत लाईट आली. माणसांची नावं आणि नंबर त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, गर्दीत कोणीही वाचतं. कोणाच्या घराचं नुकसान झालं तेही घरच्यांना आधी कळू द्या.

हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला की मी काय करते ते सांगते, साधारण दोन दिवस आधी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघते आणि पूर्ण चार्ज करते. साईटची बाहेरची प्रत एकदा हाताने ताजी करते. सगळे फोन, पॉवर बँक, टॉर्च भरते. पॅनल उतरवते, वायरची टोकं टेपने गुंडाळते. वाऱ्याच्या आदल्या रात्री घरच्या लाईटवरचे अ‍ॅडाप्टर सॉकेटमधून उपटून काढते, नुसतं बटण बंद करून भागत नाही, विजा कडाडतात तेव्हा तांब्याच्या तारेतून काहीही येतं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण बाहेरून घरात आलेली तांब्याची लॅनची वायर असेल तर ती काढाच. मग काकांच्या ओटीवरचा स्विच बघून येते. वारा सुरू असताना मात्र ह्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, बाहेर पडायचं नाही, साईट बंद पडली तर पडू दे, वारा थांबल्यावर बघू. जनरेटर कोणी आणला तर तो अंगणात, दारं-खिडक्यांपासून लांब, पडवीतही नको, त्याच्या धुराला वास कमी आणि विष जास्त असतं.

लाईट परत येते तो क्षणही धोक्याचा आहे. नवीन जोडलेल्या लाईनवर पहिला तासभर व्होल्टेज वर-खाली होत असतं, न्यूट्रल सैल राहिला तर २३० च्या जागी ३०० च्या पुढेही जाऊ शकतं. सगळे दिवे लागले म्हणून आनंदाने सगळं लावू नका. मी एक साधा बल्ब लावून ठेवते, तो तासभर स्थिर जळला, मल्टिमीटरने २२०-२४० दाखवलं, की आधी इन्व्हर्टर लावते, कारण अर्धी उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी तशीच दिवसेंदिवस ठेवली की आत थर धरतो आणि ती परत पूर्ण भरत नाही. राऊटर आणि पाय डीसीवरच आहेत, त्यांना काहीच करायचं नसतं. मग वहीत लिहिते: लाईट कधी गेली, कधी आली, बॅटरी कुठून कुठे उतरली, फायबर किती तास, फोन किती तास, काय बिघडलं. तौक्तेच्या पानावर लिहिलंय, "६ दिवस, सर्वात कमी १२.२, ऑडिओ चालू, काकांची बॅटरी लहान पडते." ती त्याच पावसाळ्यात मोठी केली.